क्षयाच्या गोळ्या ६ महिने का?
खोकला काही आठवड्यांतच थांबतो, मग क्षयरोगाच्या गोळ्या ६ महिने कशासाठी, ही शंका रास्त आहे. मात्र ‘आजार चिवट असतो म्हणून’ एवढेच उत्तर त्यावर अपुरे वाटते. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुभंगतो, तर क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात, आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जिवाणूंवरच जोमाने काम करतात. त्यामुळे सुरुवातीला वाढणारे जिवाणू मरून खोकला थांबला, तरी जवळजवळ निद्रिस्त पडून राहिलेले उरतातच. त्यांना संपवायलाच गोळ्या इतके महिने घ्याव्या लागतात, आणि त्यात रिफाम्पिसिन या औषधाचा मोठा वाटा असतो. (याच औषधाने लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी ते रक्त समजून मी गोळ्या थांबवणारच होतो.)