अनएम्प्लॉयमेंटचा (बेकारी भत्त्याचा) क्लेम पेंडिंग, आणि फोनवर माणूसच भेटत नाही

मृण्मयी_के:
अमेरिकेतल्या मंडळींना विचारायचंय. मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, आमचा अख्खा विभाग बंद झाला. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. राहते एका राज्यात, नोकरी शेजारच्या राज्यात होती, म्हणून क्लेम नोकरीच्या राज्यात भरला. ओळख पडताळून झाली, आठवड्याला किती मिळतील याचं पत्रही आलं. तेव्हापासून पोर्टलवर ‘पेंडिंग’च दिसतंय. फोन केला की लांबलचक रेकॉर्डिंग, मग आकडे दाबा, आणि शेवटी ‘सध्या फार फोन येत आहेत’ असं सांगून लाइन कट. माणसापर्यंत पोचायचं कसं? पोचले तर नेमकं काय विचारायचं? आणि पेंडिंग असताना दर आठवड्याचं सर्टिफिकेशन, म्हणजे अजून नोकरी नाही आणि शोधतेय असं कळवणं, भरायचं का? नवरा म्हणतो, मंजूर झाल्यावर एकदम भरू. घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा, जीव टांगणीला लागलाय.

समीर_प:
सोमवार टाळा, त्या दिवशी सगळेच फोन करतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कार्यालय उघडण्याच्या ठोक्याला करा. कॉलबॅकचा पर्याय दिला तर घ्या आणि मग अनोळखी नंबर आला तरी उचला. नंबर सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका, पत्रावर छापलेला किंवा डॉट जीओव्ही (सरकारी) साइटवरचाच घ्या. पैसे घेऊन फोन जोडून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर अजिबात देऊ नका.

वैजयंती_मावशी:
मृण्मयी, तुला अगं-तुगं करते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. मी काही वर्षं अशाच एका राज्याच्या क्लेम विभागात फोनवर काम केलंय, २०२० साली कोविडमुळे बेकारांना आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळत होते तेव्हाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सर्टिफिकेशन. ते आजच भर आणि दर आठवड्याला भरत राहा. निर्णय तुझ्या बाजूने लागला की भरलेल्या आठवड्यांचे पैसे एकदम येतात. न भरलेल्या आठवड्यांसाठी मात्र कारणं देत बसावं लागतं, आणि ते आठवडे बुडूही शकतात. चांगले हकदार लोक यात पैसे घालवताना मी पाहिलेत. यजमानांना हे नक्की सांग. नोकरीसाठी अर्ज कुठे कुठे केले त्याची तारीख, कंपनी, पद अशी वहीही ठेव.

दुसरं, ते रकमेचं पत्र म्हणजे मंजुरी नव्हे. त्यात फक्त तुझी मागची कमाई पुरेशी आहे एवढंच असतं. साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार धरतात. त्यातले पगाराचे आकडे तुझ्या स्लिपांशी ताडून बघ. नोकरी का गेली आणि सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) मिळाला का, हे वेगळं तपासतात. कंपनीलाही नोटीस जाते. बहुतेक पेंडिंग तिथेच अडतं.

आता फोन. जो पहिला उचलतो त्याला सहसा निर्णय देता येत नाही. त्याला तुझी फाइल आणि त्यावरच्या नोंदी दिसतात. ‘पैसे कधी येतील’ याचं उत्तर त्याच्याकडे नसतं, म्हणून ते विचारण्यात वेळ जातो. असं विचार: माझ्या क्लेमवर कोणते इश्यू (न सुटलेले मुद्दे) उघडे आहेत, प्रत्येक कुणाकडे आहे, माझ्याकडून कुठला कागद हवाय? आणि हे संभाषण फाइलमध्ये नोंदवा म्हणावं. कामाचा शेवटचा दिवस, सेव्हरन्सची रक्कम आणि ती कोणत्या काळासाठी, हे समोर लिहून ठेव. कंपनीने विभाग बंद केला, माझी जागा गेली, इतकं सरळ सांग. अर्जात लिहिलंस तेच फोनवरही.

निर्णय देणारा अधिकारी मुलाखतीसाठी फोन करतो, बऱ्याचदा लपवलेल्या नंबरवरून. तो फोन तुझ्याकडून चुकला तर हाताशी असेल त्या माहितीवर निकाल देतात. तुझी व्हॉइसमेल भरलेली नाही ना, ते बघ. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची मुदत पत्रावरच असते आणि ती फार थोडी असते.

आणि हा हक्क आहे गं. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून ही विमा योजना आहे, मालक तुझ्या पगारावर त्यासाठी कर भरत आलेत. फोनवर अजीजी करायचं कारण नाही.

नंदू_दा:
आमच्या राज्यात असेंब्ली सदस्याच्या कार्यालयाला ईमेल केल्यावर काम हललं होतं. शिवाय इंग्रजीत अडचण असेल तर दुभाषी मागता येतो, फुकट. केंद्राचा निधी घेणाऱ्या कार्यालयांवर १९६४च्या सिव्हिल राइट्स कायद्याने तशी जबाबदारी आहे. माझ्या सासूबाईंनी मराठी दुभाषी मागितला, थोडं थांबावं लागलं, पण मिळाला.

वैजयंती_मावशी:
नंदू, सदस्याची युक्ती चांगली, पण मृण्मयी त्या राज्यात राहत नाही, तिचा आमदार दुसऱ्याच राज्याचा. तिने क्लेमच्या राज्यातल्या गव्हर्नरच्या कार्यालयाकडे लिहावं. आणि मृण्मयी, आधी एक बघ: काही राज्यांत बाहेरच्या राज्यातून फोन करणाऱ्यांसाठी वेगळा नंबर असतो. तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर शोध.

मृण्मयी_के:
मावशी, मागे बारीक अक्षरात होता! त्या नंबरवर लागला. इश्यू सेव्हरन्सचाच आहे, कंपनीचं पत्र अपलोड करायला सांगितलं, केलं. संभाषण नोंदवायलाही लावलं. अजून पेंडिंगच आहे, पण कशासाठी ते तरी कळलं. सर्टिफिकेशनही भरून टाकलं. यावर टॅक्स लागतो का?

समीर_प:
केंद्राचा लागतो. डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरला, किंवा पोर्टलवरच पर्याय असेल तर तिथून, १० टक्के कापून घेतात. वर्ष संपलं की १०९९-जी, म्हणजे वर्षभरात किती मिळाले त्याचा करासाठीचा फॉर्म, येतो. राज्याच्या कराचे नियम राज्याराज्यात वेगळे, तुम्ही राहता ते राज्य कोणतं?