एसी बंद पडला तर पैसे किती परत द्यायचे?

चावीवाला
अंधेरी, खार, पवई भागात दिवसांवर फ्लॅट देणाऱ्यांना एक सवय लागली आहे. तक्रार आली की "एक रात्र परत करतो" म्हणून मोकळं व्हायचं. त्यात पाहुण्याचंही नुकसान आहे. पैसे मिळतात, खोली मात्र तापलेलीच राहते. माझं ठाम मत: आधी दुरुस्ती, मग हिशेब.

समजा 3 रात्री, रात्रीचे 4,500, एकूण 13,500. पहिल्या रात्री 10 वाजता मेसेज येतो, "एसी थंड करत नाही." केअरटेकरने फोनवरच विचारायचं: रिमोट कूलवर आहे की ड्राय किंवा फॅनवर? फिल्टर कधी धुतला होता? बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का? जाळीतून येणारी हवा खोलीच्या हवेपेक्षा साधारण 8 ते 12 अंशांनी थंड हवी. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर धरला तरी कळतं. आतल्या युनिटच्या कॉइलवर, म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरला असेल तर कूलिंग बंद करून तासभर नुसता फॅन चालवायचा. बर्फ वितळल्याशिवाय मेकॅनिकलाही काही सांगता येत नाही. कारण सहसा तुंबलेला फिल्टर, नाहीतर गॅस कमी. बाहेरचं युनिट गुणगुणतंय पण कॉम्प्रेसर उचलत नाही, तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या भागावर. तो भाग हाताशी असेल तर अर्ध्या तासाचं काम.

सकाळी 11 पर्यंत एसी सुरू झाला तर त्या रात्रीचे निम्मे, म्हणजे 2,250 परत. पूर्ण रात्र नाही, कारण घर, पाणी, स्वयंपाकघर वापरलंच. आणि रात्रभर गप्प राहून चेकआउटनंतर फोटो पाठवला तर काही नाही.

उंबरठा
तीव्र असहमत. मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. तिथे बेडरूमचा एसी गेला म्हणजे झोप गेली. झोपेसाठीच तर खोली घेतली होती! "घर वापरलंच" हा हिशेब चुकीचा आहे. हाच फ्लॅट एसीशिवाय टाकला तर 4,500 ला कोण घेईल? शिवाय रात्री 10 ला मेकॅनिक मिळाला तरी बऱ्याच सोसायट्यांचे वॉचमन कारागिराला आत सोडत नाहीत. म्हणजे तुमची "आधी दुरुस्ती" त्या रात्रीपुरती कागदावरच राहते. पूर्ण रात्र परत द्या, तेही पाहुण्याने मागायच्या आधी.

आणि फिल्टर तपासायला पाहुण्याला स्टूलवर चढवू नका. पडला तर?

चावीवाला
स्टूलचं मान्य, ते काम केअरटेकरचंच. निम्म्या रकमेवर ठाम आहे. हॉलमध्ये दुसरा चालू एसी आणि सोफा-कम-बेड असेल तर पूर्ण रात्र का?

उंबरठा
हॉलमध्ये झोपता येतं हे लिस्टिंगमध्ये लिहिलं असेल आणि माणसं दोनच असतील तर तुमचं बरोबर. चौघे असतील तर नाही.

टाकीभर
दोघेही एसीतच अडकलात. टक्के नंतर ठरवा; मुक्कामात दुरुस्त होणारी गोष्ट आणि न होणारी गोष्ट आधी वेगळी करा. वरच्या बाथरूममधून छत गळतंय, गादीच्या शिवणीत काळे ठिपके म्हणजे ढेकूण आहेत, बाजूला रिडेव्हलपमेंटचं पायलिंग (पायाचे खांब जमिनीत घालण्याचं दणदणाटी काम) चालू आहे: यात "एक संधी द्या" म्हणणं म्हणजे पाहुण्याला अडकवून ठेवणं. दुसरी जागा द्या किंवा उरलेल्या सगळ्या रात्री परत करा, त्याच तासाला. पायलिंग होस्टला, म्हणजे फ्लॅट देणाऱ्याला, आधीच माहीत असतं, त्यामुळे तिथे मी पहिली रात्रही परत करीन.

पाण्याचं गणित वेगळं. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, इमारतीच्या टाकीतून फ्लॅटला मिळतं. माणशी 135 लिटर धरले तर चौघांना दिवसाला 540 लिटर. माळ्यावरची टाकी 200 लिटरची असेल आणि सोसायटीचा पंप गेला, तर दोघांच्या आंघोळी आणि थोड्या फ्लशमध्ये संपली. पाणीकपात आधी जाहीर होते. ती पाहुण्याला कळवली, पिंप भरून ठेवलं, तर रिफंड नको. कळवलंच नाही तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, तिथे सबब चालत नाही.

चावीवाला
ढेकणांचं शंभर टक्के मान्य. पण पावसाळ्यात मोरीत एक झुरळ दिसलं म्हणून कुणी पूर्ण पैसे मागितले तर? जेल मारलेलं आहे, ड्रेनला जाळी आहे.

टाकीभर
एका झुरळाला रिफंड नको, त्याच दिवशी माणूस पाठवा. ओट्यावर दिवसाढवळ्या चार फिरत असतील तर वस्ती आहे, तिथे जेलची पावती दाखवून भागत नाही.

नोंदवही
रक्कम काहीही ठरवा, नोंदीशिवाय दोन्ही बाजू उघड्या पडतात. चेक-इनच्या दिवशी केअरटेकरने 40 सेकंदांचा सलग व्हिडिओ काढावा: एसीचं तापमान, गीझर, सगळे नळ उघडून, गादीच्या शिवणी, बाथरूमचा ड्रेन. तक्रारीवर फोन झाला तरी लगेच बुकिंगच्या ॲपवर दोन ओळी टाकाव्यात, वेळेसकट.

चावीवाला, "चेकआउटनंतर काही नाही" हे पाहुण्याला सरसकट ऐकवू नका. एअरबीएनबीवर (दिवसांवर घरं बुक करायचा प्लॅटफॉर्म) त्रुटी लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवायची मुभा आहे, म्हणजे शेवटच्या रात्रीची तक्रार घरी पोचून आली तरी ती मुदतीत बसते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 2 वर्षांपर्यंत तक्रार करता येते, तीही ग्राहक राहतो तिथल्या आयोगात. नागपूरचा पाहुणा नागपुरात अर्ज करील. तुम्ही घराच्या नियमांत काहीही लिहा, तो हक्क जात नाही.

पैसे जीपेवर परस्पर पाठवू नका, प्लॅटफॉर्मवरूनच द्या. बाहेर दिलेली रक्कम त्या बुकिंगच्या हिशेबात दिसत नाही, मग तोच पाहुणा तिथे पुन्हा मागू शकतो. आणि त्या मेसेजमध्ये रिव्ह्यूचा शब्दही नको. "चांगला रिव्ह्यू द्या, पैसे देतो" हे होस्टला चालत नाही आणि "पैसे द्या नाहीतर वाईट लिहितो" हे पाहुण्यालाही नाही. दोन्ही नियमाबाहेर.

चावीवाला
72 तासांचं पटलं, माझं वाक्य मागे घेतो. पण रात्रभर केअरटेकरचा फोन चालू असताना एक मेसेजही न करणाऱ्याला पूर्ण रात्र देणार नाही, निम्मीच.

उंबरठा
तो फोन रात्री 2 ला खरंच उचलला जातो का, एवढंच आधी तपासा. उचलला जात असेल तर माझा विरोध इथे संपतो. मग रात्रीच तक्रार करणाऱ्याला निदान असा मेसेज टाका: "एसी आता दुरुस्त होणार नाही. टेबल फॅन 20 मिनिटांत पोचतो. आजच्या रात्रीचे 4,500 परत टाकले आहेत. मेकॅनिक सकाळी 9 ला, तुम्हाला चालेल ना?"

चावीवाला
मेसेज तोच ठेवीन. रक्कम 2,250.