मदत हवी आहे: पहिली-दुसरी मोबाइलवर झालेला मुलगा सहावीत, पाया पक्का करायला ऑनलाइन शिकवणी की क्लास?

नमस्कार. सातारा जिल्ह्यात गावी राहतो. मुलगा जून २०२०मध्ये पहिलीत गेला. पहिलीचं अख्खं वर्ष व्हॉट्सअ‍ॅपवरचा अभ्यास आणि सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’. दुसरीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा बंद.

आता तो सहावीत आहे. तोंडी उत्तरं चटचट देतो, पण मोठ्याने वाचताना जोडाक्षर आलं की शब्द अंदाजानेच म्हणतो. हातच्याची वजाबाकी चुकते, त्यामुळे भागाकारही चुकतो. आठवीच्या वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, म्हणून काळजी वाटते.

मोठी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला ऑनलाइन शिक्षण मानवलं. विज्ञानाचा व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन ती पुन्हा बघायची. वर्गात सरांना एवढ्या वेळा कोण विचारणार? म्हणून ऑनलाइन वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण तिला वाचता-लिहिता येत होतं. धाकट्याला अक्षर गिरवण्यापासून सुरुवात होती. वर्गात बाई बाकाजवळ उभ्या राहतात, चूक होत असतानाच त्यांना दिसते. मोबाइलवर त्यांच्याकडे जायचा तो घरोघरी खोडून नीट लिहून घेतलेल्या पानाचा फोटो. मूल कुठे अडलं ते त्यांना कळणार कसं?

मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती, २०२२मध्ये २०.५ आणि २०२४मध्ये पुन्हा २७.१. म्हणजे मागून आलेली मुलं सावरली. पण २०२०च्या पहिलीतली पोरं तोवर पुढच्या वर्गात गेली होती, त्यांचं राहिलेलं कोण भरून काढणार?

ऑनलाइन शिकवणी घरबसल्या आणि स्वस्त आहे. तालुक्याच्या क्लासला एसटीने जावं लागेल, यायला अंधार पडतो, शिवाय तिथे सहावीचाच अभ्यास पुढे नेतात.

जिल्हा परिषदेतल्या शिक्षकांना विशेष विनंती: या वयात जोडाक्षरं आणि हातचा पुन्हा पहिल्यापासून कसा घ्यावा, म्हणजे मुलाला कमीपणा वाटणार नाही? तिसरीचं पुस्तक समोर ठेवलं की तो उठून जातो. लहानांचं वाटणार नाही, पण सोपं असेल असं वाचायला काय द्यावं? आणि ऑनलाइन शिकवणीत मुलाची वही लिहिताना शिक्षकांना दिसेल अशी सोय कुणी केली आहे का? त्याने खरंच फरक पडला का, तेही सांगा.