महाराजा आणि खेड्यातली माणसं

विमानसेवेचा इतिहास म्हणजे एअर इंडियाचा तो पगडीवाला महाराजा, लंडन आणि श्रीमंतांचे लाड, आपल्या खेड्यांचा तिच्याशी काय संबंध, असं काही जण म्हणतात. लाडांचं मान्य. पण १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात दोन कंपन्या झाल्या, आणि देशातल्या देशात उडणारी होती इंडियन एअरलाइन्स. तिची रात्रीची टपालसेवा नागपूरवरून चालायची. ही सेवा त्याआधीची, १९४९ ची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांची डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. प्रवासीही असत, तिकीट दिवसापेक्षा स्वस्त. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा नागपूरला उतरून विमान बदलायचा, आपण वर्धेला गाडी बदलतो तसा!

आमचं वावर नागपूरजवळ, हिंगण्याकडे. आबाजी जागलीला जायचे तेव्हा मचाणावर घड्याळ कुठलं? वर घरघर झाली की म्हणायचे, “मुंबईवाला आला, आता मद्रासवाला येईन.” कोणता कुठला हे त्यांना खरंच कळायचं की आम्हा पोरांना बनवायचे, देव जाणे. विमानात मात्र ते कधी बसले नाहीत. पण शेकोटीत लाकूड कधी सारायचं ते त्या आवाजावर ठरायचं.