मदत हवी आहे : "काही अडचण नाही, साहेब" या उत्तराचे काय करावे?

नमस्कार. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी 11 वर्षे काम करत असून गेल्या 8 महिन्यांपासून मशीनशॉपच्या एका विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. विभागात 22 माणसे आहेत : 9 कायम कामगार, 10 ठेकेदाराकडची मुले आणि 3 प्रशिक्षणार्थी. डिप्लोमा झाल्यावर ज्या लेथवर मी काम शिकलो ती लेथ आजही याच विभागात आहे, आणि ज्यांनी ती मला शिकवली ते मामाही (सगळा विभाग त्यांना मामाच म्हणतो) इथेच आहेत. फरक एवढाच, की आता त्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही लागते. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण मागचे-पुढचे सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनवर हबचे बोअर, म्हणजे मधले भोक, मापाबाहेर गेले. इन्सर्ट (धातू कापणारे पाते) बदलल्यानंतर जो ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) उणे भरायचा तो अधिक भरला गेला होता. तासाभराने नो-गो गेज (भोक बरोबर असेल तर आत न जाणारे मापक) बोअरमध्ये सरळ आत गेल्यावर ऑपरेटरच्या ते लक्षात आले, त्याने ऑफसेट गुपचूप दुरुस्त केला आणि पुढचे नग बरोबर काढले. मात्र आधीचे नग त्याच क्रेटमध्ये राहिले आणि माल ग्राहकाकडे गेला. तिथल्या लाइनवर ते सापडल्यानंतर आमच्या दोन माणसांनी तिकडे जाऊन दोन दिवस 350 नग एकेक करून तपासले, त्यांत 68 खराब निघाले.

त्या ऑपरेटरला मी केबिनमध्ये बोलावून शांतपणे विचारले, की लक्षात आले होते तर सांगितले का नाही. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "त्या पोराला तुम्ही सगळ्यांसमोर काय बोललात ते मी ऐकलं होतं, साहेब." पद मिळाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका प्रशिक्षणार्थ्याच्या हातून बोअरिंग बार मोडला होता, तेव्हा मी भर पाळीत "मशीन काय तुझ्या बापाचं आहे का?" असे ओरडलो होतो. मी ते विसरून गेलो होतो, पण विभागातील दुसरे कोणीच विसरले नव्हते.

त्यानंतर मी बरेच उपाय केले. सकाळी 7 वाजता पाळी सुरू होताना 10 मिनिटांची बैठक घेऊ लागलो, सूचनापेटी लावली, विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला आणि "माझे दार सदैव उघडे आहे" असेही जाहीर केले. बैठकीत मी विचारतो, "काही अडचण आहे का?" आणि 22 जण एका सुरात म्हणतात, "नाही, साहेब." सूचनापेटीत आजवर तंबाखूच्या दोन रिकाम्या पुड्या सापडल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या प्रत्येक संदेशाला अंगठे येतात, आणि उघड्या दारातून आत येतात ते फक्त रजेचे अर्ज. पूर्वी मला "अरे बाळा" म्हणणारे मामा आता "साहेब" म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला अजून उमगलेले नाही.

यात आणखी एक गुंता आहे. आमच्याकडच्या एका भागाची ऑर्डर पुढच्या तिमाहीपासून कमी होणार आहे, त्यामुळे ठेकेदाराकडच्या 10 मुलांपैकी 4 जणांना थांबवावे लागेल, असे मला वरून कळवण्यात आले असून ही गोष्ट इतक्यात कोणालाही सांगू नये, अशी सक्त सूचनाही आहे. पण मुलांना कुणकुण लागली आहे. परवा चहाच्या सुट्टीत त्यांच्यापैकी एकाने मला सरळ विचारले आणि मी "अजून काही ठरलेले नाही" असे सांगून मोकळा झालो. हे खोटे होते. दुसऱ्यांनी मोकळेपणाने बोलावे अशी अपेक्षा करणारा मी स्वतःच खोटे बोललो, ही टोचणी तेव्हापासून लागून राहिली आहे.

माणसे खरे बोलू लागावीत यासाठी नेमके काय करावे, मामांशी कसे वागावे आणि जे सांगायला मनाई आहे त्याबद्दल कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गाला मी जाऊन आलो आहे. तिथल्या स्लाइड्स माझ्याकडे आहेत, त्या कृपया पुन्हा पाठवू नयेत.

प्रतिसाद 1 (निवृत्त उत्पादन व्यवस्थापक, भोसरी)

तुमच्या "काही अडचण आहे का?" या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्याला 21 सहकाऱ्यांच्या देखत दोन कबुल्या द्याव्या लागतात : काम अडले आहे ही एक, आणि आपल्याला ते सोडवता आले नाही ही दुसरी. त्यापेक्षा "नाही, साहेब" म्हणून मशीनकडे जाणे केव्हाही सोयीचे. म्हणून आधी प्रश्न बदला आणि विचारण्याची जागाही बदला. मशीनपाशी जाऊन, ऑपरेटरच्या बाजूला उभे राहून विचारा, की काल ऑफसेट किती वेळा बदलावा लागला, कोणते गेज हातात घेताना खात्री वाटत नाही, कोणते काम सुरू करताना धाकधूक होते. अशा प्रश्नाचे उत्तर देताना माणूस कबुली देत नसतो, माहिती देत असतो, आणि माहिती द्यायला कामगार सहसा कचरत नाही.

टोयोटाच्या जुळणी कारखान्यांतील दोरीची गोष्ट तुमच्या प्रशिक्षणवर्गात नक्कीच सांगितली असेल, पण बहुतेक ठिकाणी ती अर्धीच सांगतात. कामगाराने दोरी ओढली की लाइन थांबते, एवढे ऐकून सगळे थक्क होतात. प्रत्यक्षात दोरी ओढल्यावर आधी दिवा लागतो, गटप्रमुख त्या जागी येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचेतो प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. म्हणजे सगळी मदार गटप्रमुख किती लवकर येतो आणि आल्यावर त्याचा चेहरा कसा असतो यावर आहे. आम्हीही 1998 साली भोसरीत मशीनवर लाल दिवे बसवले होते. वर्षभराने पाहिले तर त्यांतील निम्मे दिवे उडालेले होते आणि त्याबद्दल एकानेही तक्रार केलेली नव्हती. त्यावरून आम्ही किती तत्परतेने धावत होतो ते ओळखा.

तेव्हा पहिली वाईट बातमी येईल तेव्हाच्या अर्ध्या मिनिटाची तयारी आधीच करून ठेवा. "बरे झाले सांगितलेत, शेवटचा चांगला नग कोणता ते आधी पाहू" एवढे वाक्य तोंडात बसवा. "कोणी केले?" हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. ते बहुधा आपोआप कळते, आणि नाही कळले तरी फारसे बिघडत नाही.

ओरडणे सगळ्यांसमोर झाले होते, त्यामुळे माफीही सगळ्यांसमोरच हवी. ती दोन वाक्यांत संपवा. "पण त्या दिवशी वरून दबाव होता" असे तिसरे वाक्य जोडलेत की पहिली दोन वाया गेली म्हणून समजा.

मामांना "मला साहेब म्हणू नका" असे मात्र सांगू नका. ती त्यांनी स्वतःभोवती घातलेली मर्यादा आहे, ती त्यांनाच सैल करू द्या. तुम्हाला ज्या माणसाने लेथ शिकवली त्याच्याकडे आज कोण शिकते आहे, एवढे पाहा. नव्या मुलाचा पहिला सेटअप मामांनी पाहिल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाही, असा अधिकार त्यांना लेखी द्या.

प्रतिसाद 2 (मनुष्यबळ विभाग, नाशिक)

फक्त कपातीच्या प्रश्नाबद्दल लिहिते. वरून आलेली मनाई मोडून मुलांना सांगण्याचा मोह होईल, तो टाळा. निर्णय ऐनवेळी बदलला, चारांचे दोन झाले किंवा सहा झाले, तर तुमच्या शब्दावर विसंबून गावी निघून गेलेल्या मुलाला तुम्ही काय सांगणार आहात? पण मौन बाळगणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे, आणि ते राखता येते. "याबद्दल मला काही गोष्टी माहीत आहेत, त्या सांगण्याची मला परवानगी नाही, आणि मी तुम्हाला खोटे सांगणार नाही" असे म्हणता येते. हे ऐकून मुले काय समजायचे ते समजतील, हे खरे आहे. तरीही तुमच्या शब्दाची किंमत शाबूत राहील. परवा जे बोललात तेही त्या मुलाला एकट्याला गाठून दुरुस्त करा.

याहून महत्त्वाचे काम वरच्या बाजूला आहे. साहेबांकडे दोनच गोष्टी मागा : मुलांना सांगण्याची पक्की तारीख, आणि ती सांगताना ठेकेदाराने समोर हजर असणे. कागदोपत्री या मुलांचा मालक ठेकेदार असल्यामुळे राहिलेला पगार, ओव्हरटाइम आणि भविष्यनिर्वाह निधी यांबद्दलची उत्तरे त्याच्याकडूनच यायला हवीत, तुम्ही अंदाजाने देऊ नयेत. जागा भाड्याने घेऊन चौघे-पाचजण मिळून राहणाऱ्या मुलांना महिनाभर आधी कळणे आणि आठवडाभर आधी कळणे यांत फार फरक पडतो, एवढे वरिष्ठांना समजावून सांगणे हे तुमच्या हातात आहे.

प्रतिसाद 3 (सिस्टर इनचार्ज, शासकीय रुग्णालय)

कारखान्यातले मला कळत नाही, पण लपवलेल्या चुका चांगल्याच कळतात. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील वॉर्डांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून कमी चुका होत असतील, अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती. पुढे उलगडले ते असे, की तिथल्या परिचारिका झालेल्या चुका बोलून दाखवत होत्या आणि इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या.

आमच्याकडेही सारख्याच दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जात. एका नव्या सिस्टरने "आज माझ्या हातून चुकीची कुपी फुटणार होती" असे पाळी बदलताना सांगितले, तेव्हा आणखी तिघी म्हणाल्या, की आमच्याही हातून हे होता होता राहिले होते. चौघींनी ते आपापल्या पोटात ठेवले होते. त्याच दिवशी आम्ही ट्रे वेगळे केले, पाच मिनिटांचे काम होते.

हे सांगण्याचे कारण असे, की तुमचे लोक बोलू लागले तर तुमच्या विभागाच्या रिजेक्शनचा, म्हणजे बाद नगांचा, आकडा सुरुवातीला वाढेल. तुमच्या साहेबांना हे आजच सांगून ठेवा आणि जमल्यास ईमेलवर लिहून ठेवा. नाहीतर आकडा वाढला म्हणून ते तुमच्यावर ओरडतील आणि तुम्ही खाली ओरडाल, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मूळ लेखकाचे उत्तर, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. माफी मागितली. दोन वाक्यांतच मागितली, पण ती म्हणायला मला तीन सकाळी लागल्या. पहिल्या दोन दिवशी बैठक संपली तरी तोंडातून शब्द फुटला नाही. ज्या मुलाची मागितली तो लाजून खाली पाहत राहिला आणि बाकीच्यांनीही काही प्रतिक्रिया दिली नाही. मला वाटले, फुकट गेली.

नवव्या दिवशी त्याच मुलाने मशीन थांबवून मला बोलावले आणि इन्सर्टचा कोपरा उडाल्याचे दाखवले. तोंडात बसवलेले वाक्य ऐनवेळी पूर्ण आठवले नाही, पण "बरे झाले" एवढे निघाले. 11 नग बाजूला काढले, प्रकरण तिथेच संपले. त्यानंतर मशीनपाशी उभे राहून विचारताना असेही लक्षात आले, की ठेकेदाराकडच्या तीन मुलांना माझे मराठी नीट कळतच नव्हते. ती बिहारची आहेत आणि सकाळच्या बैठकीत इतके महिने नुसती मान डोलवत होती. आता मुद्द्याच्या गोष्टी हिंदीतही सांगतो. या महिन्यात नोंदलेले रिजेक्शन जवळपास दीडपट झाले, मात्र ग्राहकाकडून एकही तक्रार आली नाही. सिस्टरांच्या सल्ल्याप्रमाणे साहेबांना आधी ईमेल केली होती, त्यामुळे निभावले. तरी दर सोमवारी ते आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहतातच.

कपातीबद्दल त्या मुलाला गाठून "मी परवा खोटे बोललो" असे सांगितले. तो म्हणाला, "माहीत होतं." ठेकेदाराला घेऊन सांगण्याची तारीख मिळाली, मागितली होती त्यापेक्षा दहा दिवस उशिराची.

मामांना सेटअप तपासण्याचा अधिकार लेखी दिला आहे. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. "साहेब" चालूच आहे, पण गेल्या आठवड्यात एका नव्या मुलाला ते "अरे बाळा, चक आधी पुसून घे" म्हणताना ऐकले.

आता पुढची अडचण. हे सगळे पहिल्या पाळीत चालले आहे, कारण तिथे मी असतो. रात्रपाळीचा सुपरवायझर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, जुन्या पद्धतीचा आहे आणि आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही असे त्याचे ठाम मत आहे. रात्रीचे रिजेक्शन अजूनही जवळपास शून्यच नोंदले जाते. त्याला न दुखावता ही गोष्ट कशी पटवून द्यावी, हे कोणी करून पाहिले असेल तर कृपया लिहावे.