दोन राउटर, दोन सबनेट: सगळं एकात आणायचंय

मुलुंडकर:
शेजारचे दोन फ्लॅट जोडून आम्ही एक घर केलंय. हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर फायबरचा डबा, तो १९२.१६८.१ च्या मालिकेतले (सबनेटमधले) आयपी पत्ते वाटतो. मधल्या भिंतीत जाडजूड कॉलम. पलीकडे वायफाय पोचतच नाही, म्हणून आत दुसरा राउटर, त्याची मालिका १९२.१६८.०. आता गंमत बघा. आतल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर सापडत नाही, पण आयपी हाताने टाकला की प्रिंट निघते. उलट हॉलमधल्या टीव्हीवर आतल्या नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावरचे) मुंजीचे व्हिडिओ काही केल्या दिसत नाहीत, आणि आई रोज विचारते. सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच नेटवर्कातले हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.०.० केला तर भागेल का?

परळवाला:
मास्कला हात लावू नका. मध्ये आतल्या राउटरचं नॅट (आतली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय) बसलंय, ते मास्क बदलून हलणार नाही. नॅट आतून बाहेर जाऊ देतं, बाहेरून आत नाही. म्हणून प्रिंट निघते आणि टीव्ही अडतो. प्रिंटर शोधण्याचं काम बहुतेक एमडीएनएस (एकाच नेटवर्कातली उपकरणं आपोआप शोधायची पद्धत) करतं, ते राउटर ओलांडत नाही.

आतल्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (राउटरचं काम सोडून फक्त वायफाय पुरवणं) असेल तर तो लावा, विषय संपला. नसेल तर आधी वॅनची (बाहेरच्या नेटवर्कच्या पोर्टातली) केबल काढा. ती लावलेली असताना लॅनला (राउटरच्या आतल्या बाजूला) हॉलचीच मालिका दिली तर बरेच राउटर ऐकत नाहीत. मग लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, आणि हॉलमधून आलेली केबल लॅन पोर्टात खोचा. वॅन पोर्ट रिकामाच राहू दे.

दादरकर:
त्याआधी हॉलच्या डब्यात डीएचसीपीची रेंज बघा. २ पासून सुरू असेल तर १० पासून करा, नाहीतर कधीतरी एखादा फोन तोच पत्ता पटकावेल. हॉलच्या डब्याच्या ब्रिज मोडच्या (त्याचं राउटरचं काम बंद करण्याच्या) फंदात सध्या पडू नका; लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर तीही बंद पडू शकते.

मुलुंडकर:
ॲक्सेस पॉइंट मोड होता! प्रिंटर लगेच दिसला. नॅस मात्र गायब, कारण त्याला १९२.१६८.०.५० हा पत्ता हाताने दिलेला. मॉनिटर जोडायची सोय नाही, म्हणून लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.२० दिला, आत शिरून नॅस डीएचसीपीवर टाकला आणि हॉलच्या डब्यात त्याचा आयपी राखून ठेवला. टीव्ही सध्या आईच्या ताब्यात आहे.