खाडी, आखात आणि उपसागर : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : किनारी भूरूपांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘गल्फ’, ‘बे’ आणि ‘एश्चुअरी’ या तिन्हींना ‘खाडी’ चालेल का? बातम्यांत ‘खाडी देश’ सर्रास दिसतं.

उत्तर : कृपया तसं करू नका. ‘खाडी देश’ हिंदीतून आलंय. हिंदीत बंगालचा उपसागरही खाडीच. मराठीत मात्र खाडी म्हणजे भरतीचं पाणी जमिनीत शिरतं तो चिंचोळा फाटा. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची. त्यामुळे एश्चुअरीला, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या नदीमुखाला, ‘खाडी’ चपखल बसतो. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिसळण्यावरच भर असेल, तर ‘नदीमुख खाडी’ लिहा, कारण मोठी नदी मिळत नसली तरी ठाण्याची खाडी ही खाडीच. आणि देश ‘आखाती’च.

‘गल्फ’ म्हणजे आखात; ते जमिनीत खोल घुसलेलं असतं, जसं खंबातचं किंवा कच्छचं. ‘बे’ म्हणजे उपसागर; त्याचं तोंड रुंद, बंगालच्यासारखं. पण रूढ विशेषनामं ही व्याख्या पाळत नाहीत. हडसनचा उपसागर जवळजवळ जमिनीने वेढलेला आहे, तरी त्याचं आखात करू नये.

‘बे’ खरा अडतो तो कायद्याच्या मजकुरात. १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात त्याची भूमितीच दिली आहे : मुखाच्या रुंदीइतक्या व्यासाचं अर्धवर्तुळ काढायचं, आणि आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ निदान तेवढं भरायला हवं. मुखावरची रेषा २४ सागरी मैलांपर्यंतच धरतात. इथे नुसतं ‘उपसागर’ लिहिलं की वाचकाला बंगालचा आठवतो आणि मापाचा सगळा घोळ होतो. पहिल्याच उल्लेखात व्याख्या द्या.

प्रश्न : आणि ‘लगून’? पाठ्यपुस्तकात ‘खाजण’ वाचलंय.

उत्तर : तो शब्द मला खटकतो. किनाऱ्यावरच्या बोलण्यात खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदलीची, खारी जमीन. लगून म्हणजे वाळूच्या दांड्यामागे अडलेलं पाणी, ते वेगळं. ओडिशातल्या चिल्कासाठी मी ‘खारकच्छ’च लिहीन. ‘बीच’ला ‘पुळण’ आहेच, ‘केप’ला ‘भूशिर’. ‘स्ट्रेट’साठीचा ‘सामुद्रधुनी’ मला फार आवडतो; संस्कृतात धुनी म्हणजे नदी, म्हणजे दोन समुद्रांना जोडणारी समुद्राचीच नदी. हिंदीतलं ‘जलडमरूमध्य’ त्याच्या जागी आणू नका.